बाबांच्या डाव्या कानात सांगितलेला सिनेमा

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (कंबर अजून धरलेली आहे, त्यामुळे जितकं वाकता येतं तितकाच.) तुझी पाठ कशी आहे? दाजींचा खोकला गेला का, की अजून मुक्काम ठोकून आहे? मुलांना आशीर्वाद. इकडे आम्ही सगळे ठणठणीत आहोत, म्हणजे हिचे गुडघे, माझी कंबर आणि बाबांचे कान सोडले तर. फोनच केला असता, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. पत्राचं कारण शेवटी लिहितो. एकदम लिहायचा धीर होत नाही.

तुझा पहिला प्रश्न मला माहीत आहे: बाबांना विचारलंस का? ताई, आई गेल्यापासून तू हे इतक्या वेळा विचारलं आहेस की आता फोन वाजला तरी मला अपराध्यासारखं वाटतं. बाबांनी एकटं राहू नये हे मलाही कळतं. मागच्या महिन्यात ते न्हाणीघरात घसरले, आणि गॅसवर दूध ठेवून शेजारच्यांशी गप्पा मारत बसल्यामुळे दोन पातेली कामातून गेली. (एक पातेलं त्यांनी मला दाखवलं. दुसरं मी कचऱ्यात पाहिलं.) आमची मागची खोली रिकामी आहे, तिला खिडकी आहे. 'माझ्याकडे राहायला चला' एवढंच म्हणायचं. मी दर वेळी ठरवून जातो, दाराशी उभा राहतो, बल्ब गेलाय का, नळ गळतोय का एवढं विचारतो आणि परत येतो. तू हसशील, पण मी आयुष्यभर बसस्टँडच्या त्या काचेच्या खोलीत बसून माइकवर बोलत आलोय. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागेल हे मी सगळ्या गावाला सांगू शकतो. बाबांना 'चला' म्हणायचं तर जीभ टाळ्याला चिकटते. त्यातून ते नाही म्हणाले तर? बाबा एकदा नाही म्हणाले की संपलं, हे तुला सहलीच्या परवानगीपासून ठाऊक आहे.

तर गेल्या रविवारी दुपारी मी आणि बाबा सिनेमाला गेलो. (हे वाचून तू खुर्ची धरली असशील. धर.) तिकिटं हिनं काढली आणि स्वतः गुडघ्याचं निमित्त काढून घरी राहिली. पोस्टरवर एक म्हातारा आणि एक तरुण बाकावर बसून हसत होते, तेव्हा मला वाटलं हलकंफुलकं काहीतरी असेल. ते हसणं सिनेमात एकदाच येतं, सुरुवातीलाच, आणि आपण नीट टेकून बसेपर्यंत संपतं. मी आजवर जे सिनेमे पाहिले त्यांत एक तर कुणीतरी कुणालातरी बदडत होतं, नाहीतर माणसं खुर्चीवरून पडत होती. पैसे देऊन लोक रडायला जातात यावर माझा विश्वासच नव्हता. आमच्या स्टँडवर शेवटची गाडी चुकली की माणसं फुकटात रडतात.

आता कानाचं ऐक. सगळी नोकरी छापखान्याच्या मशीनशेजारी गेल्यामुळे बाबांचा उजवा कान पार गेलाय, हे तुला माहीत आहे. डावा चालतो, पण तोंड अगदी कानाशी नेऊन बोललं तरच. तू एवढं महागाचं यंत्र पाठवलंस, ते कपाटात सुखरूप आहे. ते लावलं की फक्त पंखा ऐकू येतो, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे अंधार झाला, पडद्यावर पहिला माणूस तोंड उघडून बोलला, आणि बाबांनी 'काय म्हणतोय तो?' असं विचारलं, ते बाहेरच्या तिकीट खिडकीपर्यंत गेलं असावं. मी घाईघाईनं त्यांच्या डाव्या कानाला लागलो आणि सांगायला सुरुवात केली. एकदा सुरुवात केल्यावर थांबणार कुठे? मी सगळा सिनेमा सांगितला.

अडचण अशी की मला एकच आवाज येतो. नोकरीचा. पडद्यावर पोस्टरवरच्या त्या पोराची आई अंथरुणाला खिळलेली, शेवटचं काहीतरी सांगतेय, सगळं थिएटर नाक पुसतंय, आणि मी बाबांच्या कानात सांगतोय: आईची प्रकृती चिंताजनक आहे, मुलाने वडिलांकडे लक्ष द्यावे. (पुढे 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' हेही सवयीनं येणार होतं, ते मी दातांत पकडलं.) मागच्या रांगेतल्या एका बाई सारख्या शुक्‌ शुक्‌ करत होत्या. मी आवाज खाली आणला, तर दोन खुर्च्या सोडून बसलेले एक आजोबा वाकून म्हणाले, 'अहो साहेब, जरा मोठ्यानं सांगा ना, डॉक्टर काय म्हणाले ते राहिलं.' म्हणजे माझ्या घोषणांची गरज असलेले प्रवासी तिथेही होतेच. मग मी मधला मार्ग काढला: आजोबांना ऐकू जाईल आणि बाईंना सहन होईल इतपत. दोघांचंही समाधान झालं नाही.

बाबांचं लक्ष गोष्टीत होतं असं मला मुळीच वाटलं नाही. सिनेमातला बाप बूट शिवणारा. बायको गेल्यावर तो आणि मुलगा एका घरात राहतात आणि एकमेकांशी फक्त दाराला कडी घातली का, एवढंच बोलतात. तो बाप एका दृश्यात पेपर वाचत बसतो. डोळ्यांत पाणी, मागे संथ संगीत. बाबा म्हणाले, 'शाई पसरलीय. मशीनवर कोण गाढव होता?' आजोबांना वाटलं हा सिनेमातलाच संवाद, आणि त्यांनी गंभीरपणे मान हलवली.

पुढे मात्र माझं जरा विचित्र झालं. तो बाप मुलाला न सांगता दूरच्या एका वृद्धाश्रमात नाव घालतो, आणि निघायच्या आदल्या दिवशी मुलाच्या सगळ्या बुटांना पॉलिश करून ओळीनं लावून ठेवतो. बस्स, एवढंच. माझ्या घशात काहीतरी अडकलं. मला वाटलं मक्याची लाही असेल. पाणी प्यायलो, तरी जाईना. मग लक्षात आलं की मी लाह्या घेतल्याच नव्हत्या. ताई, आई गेली त्याच आठवड्यात मी कामावर हजर झालो होतो, आणि एकाही प्रवाशाला माझ्या आवाजावरून काही कळलं नव्हतं. त्याचा मला थोडा अभिमानही होता. आणि इथे कुणा परक्याच्या बुटांपायी माझा आवाज बंद पडला. बाबांनी कोपरानं ढोसून विचारलं, 'वीज गेली काय तुझी?' मी रुमाल काढला, तर तो गाडीच्या काचा पुसायचा निघाला. तोंडाला पेट्रोलचा वास, डोळे चुरचुरायला लागले, म्हणजे आता रडायला रीतसर कारणही मिळालं. मी मग संकोच सोडला. मागच्या बाईंनी शुक्‌ शुक्‌ थांबवून पुढे एक स्वच्छ रुमाल सरकवला. (तो धुऊन ठेवलाय. कुणाला परत करायचा, हा प्रश्नच आहे.)

आता मुख्य गोष्ट. शेवटी रेल्वे स्टेशन येतं. (तिथे एकही घोषणा न होता गाडी सुटते. असं कुठल्याही स्टेशनवर होत नाही. मी सिनेमावाल्यांना कळवणार आहे.) बाप खिडकीशी बसलाय, मुलगा खाली फलाटावर खांबाला टेकून उभा आहे, आणि तेव्हा तो मुलगा म्हणतो, म्हणजे मी बाबांच्या कानात सांगितलं: 'बाबा, जाऊ नका. माझ्याकडे राहायला या. घरात तुमचा आवाज नसला की मला करमत नाही.' एवढंच वाक्य होतं. यावर बाबांनी काय करावं? त्यांनी पडद्यावरची नजर न काढता माझा हात दाबला आणि म्हणाले, 'बरं. येतो.'

ताई, माझा तर थिजून पुतळाच झाला. पडद्यावरचा म्हातारा एवढं विनवल्यावरही गाडीतून गेला तो गेलाच, आणि आमचे इथे खुर्चीत बसून येतो म्हणाले. दिवे लागले, आजोबांनी माझे आभार मानले, आम्ही बाहेर येऊन चहा घेतला आणि बाबा घरी पोचेपर्यंत त्या पसरलेल्या शाईबद्दलच बोलत होते. मी हिला तो स्टेशनचा प्रसंग जसाच्या तसा सांगितला, तर हिनं माझ्याकडे एकदा नीट निरखून बघितलं आणि मग उगाचच माझ्या ताटात दुप्पट वाढलं. बायकांचं काही कळत नाही.

मी मात्र कामाला लागलोय. मागच्या खोलीला रंग दिला, खाट आणली, न्हाणीघरात धरायला दांडी बसवून घेतली. बाबांनी त्या दिवसापासून या विषयावर चकार शब्द काढलेला नाही. मी रोज संध्याकाळी जातो. परवा त्यांच्या घरातला चांगला चालणारा बल्बसुद्धा बदलून आलो. दाजींना नमस्कार सांग. पाठीला शेक घेत जा, आळस करू नकोस.

तुझा,
धाकटा

ता. क. – आता पत्राचं कारण. बाबा जे येतो म्हणाले, ते सिनेमातल्या मुलाला म्हणाले की मला, हे मला कळायला मार्ग नाही. सिनेमाला म्हणाले असतील, तर मी खाट कशाला आणली असं होईल. मला म्हणाले असतील आणि मी गप्पच राहिलो, तर त्यांना वाटेल की मला ते नकोच आहेत. दोन्ही विचारांनी माझी झोप उडालीय. तू थोरली, त्यांची लाडकी. तू एकदा सहज म्हणून त्यांना विचार ना. माझं नाव घेऊ नकोस. मला ते आमच्याकडे हवे आहेत, हे मात्र त्यांना कळलं तर बरं. कसं कळवायचं ते तूच बघ.

ता. क. २ – आताच कळलं की हिनं तो सिनेमा आधीच मैत्रिणींबरोबर पाहिला होता. गुडघ्याचं दुखणं खोटं. का खोटं बोलली ते सांगत नाही, नुसती हसते.

ता. क. ३ – घरातला डिंक संपलाय. पत्र बाबांकडेच देतो, त्यांच्याकडे डिंक आहे आणि टपालपेटी त्यांच्याच गल्लीत आहे. काळजी करू नकोस, जन्मभर दुसऱ्यांचं लिहिलेलं छापून ते इतके कंटाळलेत की कुणाचं काही वाचत नाहीत.

ता. क. – पोरी, हे मी लिहितोय, तुझा बाप. उघडं पाकीट वाचू नये असा नियम मी कुठे छापलेला पाहिलेला नाही. शुद्धलेखन दुरुस्त केलंय. 'विनवणे' मधला वि पहिला, हे याला या वयात सांगावं लागतं.

मी बहिरा आहे, आंधळा नाही. पडद्यावरच्या त्या पोरानं गाडी सुटेपर्यंत तोंड उघडलंच नाही. ओठ घट्ट मिटून उभा होता. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो आणि माझ्या कानात माझा पोरगा बोलत होता. स्टँडवरच्या आवाजात नाही, लहानपणी बोलायचा त्या आवाजात.

येतो म्हणालो ते त्यालाच. माझ्या पेट्या भरून खाटेखाली तयार आहेत. पण तू त्याला इतक्यात कळवू नकोस. रोज येतो, दाराशी उभा राहतो, बल्बकडे बघतो. त्याला परत विचारायचंय, ते त्याच्या तोंडावर दिसतं. विचारू दे. मला ते अजून एकदा ऐकायचंय.