उणिवेचा रकाना

मालवण,
४ फेब्रुवारी २०२५

प्रिय अँजू,
सा. न. वि. वि. तुझी पत्रं तुझ्याआधी कॉन्व्हेंटातल्या मदर वाचतात, म्हणून त्यांनाही एक सा. न. वि. वि.

परवा रविवारी, दुपारी पावणेचारला, गौरजानं आपल्या पात्राचा कागद टेबलावर पालथा घातला आणि पर्स उचलली. त्या क्षणापासून माझं सगळं बदललं. तू म्हणशील, लिओन नेहमीसारखा वाढवून सांगतो. नाही सांगत. त्याच टेबलावर बसून आपण तीन वर्षं खेळातली तिसरेवाडी उभी केली. तू नकाशा काढलास, खाडी वळवलीस, बर्फाच्या कारखान्याच्या माळ्यावर हिरोंचा अड्डा बसवलास. ती अख्खी तिसरेवाडी ह्या बयेनं एका हातानं पालथी केली.

झालं ते असं. पुण्याचा विनीत, जो असल्या खेळांची पुस्तकं छापतो, त्याला आपली तिसरेवाडी आवडली. गावात उंच इमारती नाहीत म्हणून आपला हिरो उडत नाही, माडावरून माडावर जातो. तोंड झाकून उपयोग नाही, कारण गाव चालीवरूनच माणूस ओळखतं. सगळ्यांना हिरो कोण ते ठाऊक असतं, बोलत कोणी नाही. हे डोकं तुझंच, मी विनीतला तसं कळवलंय. तो म्हणाला, आता पात्रं पुरी भरून पाठव: नाव, पोशाख, ताकद, उणीव. म्हणून मी सगळ्यांचे कागद भरले. मिहीरचाही भरला, त्याला काही वाटलं नाही, तो सुरमईचा तुकडा संपवत होता. गौरजाच्या ‘भरती’चं नाव, निळी ओढणी, नुसत्या तळहातानं समुद्राचं पाणी थोपवणं, सगळं तिचं तिचं ठेवलं. फक्त उणिवेचा रकाना तिनं तीन वर्षं रिकामा ठेवला होता. तो मी भरला. ‘किनारा सोडला की ताकद जाते. घाट चढली की चारचौघींसारखी.’

एवढंच. त्यावर तिनं मला विचारलं, “माका इचारलंस?” आणि निघाली. मिहीर चपला शोधत तिच्या मागून गेला. शेजारचे दाजी पडवीत बसून सगळं बघत होते. तीन वर्षं ते विचारतात की पट नाही, पत्ते नाहीत, एक जण गोष्ट सांगतो आणि बाकीचे फासे टाकून आपापल्या पात्राचं भलंबुरं ठरवतात, तर ह्यात हरतं कोण? परवा म्हणाले, आज कळला कोण हरलो ता.

माझं काय चुकलं ते सांग. दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडून कोल्हापूरहून मी परत आलो तो कोणासाठी? दाजींच्या गप्पांसाठी?

लोभ ठेव, उपदेश ठेवू नको.
तुझा,
लिओन

*

बेळगाव,
११ फेब्रुवारी २०२५

चि. लिओन यास अनेक आशीर्वाद.

मदरनी तुझं पत्र देताना मला विचारलं की सुरमईचा तुकडा केवढा होता. इथे बुधवारी वांगं असतं आणि बाकीच्या दिवशी बुधवारची आठवण. माझं बरं चाललंय. पहाटे उठायची सवय झाली, आणि सिस्टर जॉयसी मला पेटी शिकवते. माझ्या सुराबद्दल ती दयाळूपणे काही बोलत नाही.

आता तुझं. एक गोष्ट तू पत्रात लिहिलीच नाहीस, ती मला पप्पांच्या पत्रातून कळली. गौरजाला नाशिकला औषधांच्या कारखान्यात, लॅबमध्ये नोकरी लागली. शुक्रवारी तिनं हे तुला सांगितलं आणि रविवारी तू तिचा रकाना भरलास. मधे एकच दिवस गेला, रे.

उणीव ज्याची त्यानंच लिहायची, हा आपल्या टेबलाचा नियम. तो कोणी आणि का केला, विसरलास? मी इथे येणार म्हणून सांगितलं त्या आठवड्यात तू माझ्या ‘धुकारी’च्या कागदावर लिहून ठेवलं होतंस, ‘हाक आली की घर विसरते.’ मी तो कागद फाडला आणि नियम केला. तुला सांगितलं की खेळ नीट व्हावा म्हणून केला. खरं कारण ते नव्हतं. मी आठ दिवस माडीवर झोपून रडत होते. आणि तू खाली म्हणत होतास की अँजूला सर्दी झालीय.

कॉलेजचं म्हणशील, तर तिनं तुला परत ये म्हटलं नव्हतं. तू आलास हे तिला मिहीरकडून कळलं, तेही बाजारात. तेव्हा तिनंच मला तसं सांगितलं होतं.

तो रकाना खोड. कागद तिच्याकडे घेऊन जा, तिच्या हातात पेन दे आणि ती लिहीपर्यंत गप्प बस. तुझ्यासाठी हे किती कठीण आहे ते मला माहीत आहे. प्रार्थनेत रोज तुझं नाव घेते, त्यातलं अर्धं तुझ्या जिभेसाठी.

पप्पांना सांभाळ. माया आहेच, ती पातळ होणार नाही.
तुझी,
अँजेलिना

*

मालवण,
१७ फेब्रुवारी २०२५

प्रिय अँजू,
सा. न. वि. वि. आशीर्वाद पोचले. उपदेशही पोचला, मी नको म्हटलं असताना.

तुझ्या कागदाचं मला आठवतही नव्हतं. आता आठवलं, आणि दोन दिवस कोणाशी बोललो नाही. बरं वाटलं असेल तुला. पण एक विचारतो. तू गेलीस, ही चालली, तो क्लाइव्ह दुबईला गेला, आणि जो राहिला त्याचंच चुकलं, हा कुठला न्याय? जाणाऱ्याला सगळं गाव पोचवायला येतं. राहणाऱ्याला विचारतात, काय रे, अजून हयच?

कागद मी पाठवले होतेच, त्यावर विनीतचा निरोप आला. सगळ्या पात्रांत त्याला भरती आवडली, आणि भरतीत तिची उणीव. मुखपृष्ठावर तीच हवी म्हणतो, घाटाच्या वळणावर उभी, मागे वळून समुद्राकडे बघतेय, तळहात रिकामे. अँजू, मी केलेल्या एखाद्या गोष्टीला ‘हे असंच ठेव’ असं आजवर कोणी म्हटलेलं नाही. कॉलेजच्या सरांनी नाही, पप्पांनी नाही, तू तर नाहीच. आणि ती ओळ मी रागात पाच मिनिटांत लिहिली होती. तीच सगळ्यात चांगली निघाली, ह्याचा मला आणखी राग येतो.

पण ज्यानं पात्र घडवलं त्याची सही हवी, हा विनीतचा नियम. म्हणजे गौरजाची. भरती नाही तर पुस्तक नाही. मिहीर म्हणतो, नाव बदल, ओढणी तांबडी कर, कोणाला कळणार आहे. मी त्याला पडवीतून हाकलून दिला. रिक्षा चालवणाऱ्यानं रिक्षा चालवावी.

आता मी तिच्याकडे जाणार आहे. तू सांगितलंस म्हणून नाही, सही हवी म्हणून. रकान्यावर पांढरा रंग मारलाय. हवं ते लिहू दे तिला. विनीतची समजूत मी घालीन.

मनात राग असला तरी लोभ आहे, तोही मनातच आहे.
तुझा,
लिओन

*

मालवण,
२२ फेब्रुवारी २०२५

चि. अँजेलिना हिस कुस्तोदियोचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. घरी सर्व ठीक. आवारातला फणस धरला आहे, माझा गुडघा धरतो आणि सोडतो.

लिओन जेवतो म्हणण्यापेक्षा ताट सरकवतो असे म्हणेन. परवा पाववाल्याने दोन पाव कमी दिले तर त्याला रस्त्यात उभा करून बोलला. बिचारा आता आपले घर टाळून पुढे जातो, आणि पाव आणायला मला नाक्यावर जावे लागते.

एक गोष्ट तुझ्या कानावर घालतो. कावेरीबाई, म्हणजे गौरजाची आई, मासळीबाजारात भेटली. बांगडे निवडता निवडता म्हणाली की पुढच्या शनिवारी पोरगी नाशिकला जाते, तोवर लिओन घरी आला नाही तर बरे होईल. तो आला की ती हसून बोलते आणि गेला की दोन दिवस जेवत नाही. हे मी लिओनला सांगितलेले नाही. सांगितले असते तर घर डोक्यावर घेतले असते. मी आपला टीव्ही मोठा करतो आणि बसतो. तुझी आई असती तर तिने सांगितले असते.

तू त्याला लिही. तुझे तो ऐकतो, निदान वाचतो तरी. मदरना आमचा नमस्कार. म्हाताऱ्याला विसरू नकोस, पोरी, एवढेच मागणे.
तुझा,
पप्पा

*

मालवण,
२ मार्च २०२५

प्रिय अँजू,
सा. न. वि. वि. चूकभूल पोटात घाल, लोभ आटू देऊ नको, तुझा लिओन. हे खाली लिहायचं असतं, पण खाली पोचेपर्यंत माझ्यानं लिहवेल असं वाटत नाही, म्हणून आधीच लिहिलं.

काल विनीतला कळवलं की भरती देत नाही. म्हणजे पुस्तक गेलं. त्यानं विचारलं, सही मिळाली नाही का. मिळाली होती.

शुक्रवारी संध्याकाळी मी गौरजाकडे गेलो. कावेरीकाकूंनी दार उघडलं, माझ्याकडे बघितलं, मग आत बघितलं आणि चहा ठेवते म्हणाल्या. गौरजा जमिनीवर बसून बॅग भरत होती. कोकमं, कुळथाचं पीठ, दोन स्वेटर. नाशिकला थंडी असते म्हणे. मी चांगला बोललो, अँजू. शप्पथ. चुकलो म्हटलं, पेन दिलं, आणि तू सांगितल्यासारखा गप्प बसलो.

मला वाटलं होतं ती विचार करेल. तिनं केला नाही. वाक्य जणू कधीचं तयार होतं. आधी विनीतच्या कागदावर सही केली, मग रकान्यात लिहिलं आणि दोन्ही कागद माझ्याकडे सरकवले.

‘लिओन चिडेल म्हणून खरं सांगत नाही.’

मी विचारलं, कसलं खरं. तिनं एक स्वेटर बॅगेत खुपसला. मी परत विचारलं. तेव्हा म्हणाली, “माका तू तसो कधीच आवडलंस नाय, लिओन. तीन वर्सां ह्या सांगूक बघतंय.”

आणि मी चिडलो. दुसरं काय करणार होतो? सगळं काढलं. कोल्हापूर काढलं, कॉलेज काढलं, आपल्या टेबलावर बसून तिनं खाल्लेलं काढलं. म्हटलं, भरती माझी आहे, तुझी नुसती ओढणी. म्हटलं, जा नाशिकला, बघू तिथे कोण तुला हिरो म्हणतं. आत चहाचं भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला.

ती उत्तर देणार होती. मी बघितलं, तोंड उघडलं होतं तिनं. मग माझ्याकडे बघून मिटलं, आणि बॅगेची चेन ओढायला लागली. चेन अडकत होती. खेळात उणीव लागू पडली की नाही ते फासे टाकून बघतो आपण. इथे फाशांची गरजच नव्हती. मी वाक्याच्या मध्यावर होतो, अँजू, आणि त्या घरात बोलणारा मी एकटाच होतो. पुढचे शब्द तोंडात तयार होते, तेही वाईटच होते.

चेन तशीच अडकलेली होती. मी उठलो, दोन्ही कागद तिच्यासमोर ठेवले, बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.