उलटी शिवण

४ मार्च, बुधवार

नकली! अण्णाच्या गाडीला नकली म्हणाले! ग्रुपवर फोटो टाकून दहा मिनिटंसुद्धा झाली नव्हती. अण्णा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ. तीस वर्षं त्याने या गाडीच्या सीटला मला सुई लावू दिली नाही. 'कंपनीचं काम आहे, तू हात लावू नकोस.' आणि मी, गाड्यांच्या सीटा शिवून पोट भरणारी बाई, गप्प बसले. ती सीट म्हणे नकली. का? तर शिवण सरळ आहे म्हणून!

अण्णाला आता नीट दिसत नाही, म्हणून गाडी माझ्याकडे. पंधरा तारखेला जुन्या डब्यांचा मेळावा आहे. या गाडीला सगळे डबीच म्हणतात, दिसतेच तशी. अस्सल डब्या पहिल्या रांगेत, बाकीच्या मागे, संडासापाशी. अण्णाने आत्तापासून शर्टाला इस्त्री करून ठेवलीय. त्याला काय तोंड दाखवू?

५ मार्च

लेकीने मला त्या फोनवरच्या ग्रुपात घातलं हीच चूक. नाव ठेवलं 'सुईदोरा'. तेव्हापासून सगळे मला दादा म्हणतात. मीही सुधारलं नाही. दादा म्हटलं की ऐकतात तरी!

तिथे दोन पार्ट्या. एक जसंच्या-तसंवाले, एक नटवे. गेल्या वर्षी नटव्यांची चलती होती. चंदेरी चाकं, निळे दिवे, गाडी की वरात कळेना. मग भांडणं झाली, मतं पडली, जसंच्या-तसंवाल्यांचा अध्यक्ष निवडून आला. आता फॅशन गंजाची. गंजावर वार्निश मारतात! जन्मभर घासून घासून काढला मी गंज. बावळट.

६ मार्च

अध्यक्षाने 'अस्सल डबी कशी ओळखावी' म्हणून पंधरा फोटो केव्हाचेच लावलेत, मी आज पाहिले. नववा सीटचा. चष्मा लावला, बोटांनी फोटो मोठा केला.

पुन्हा मोठा केला. तेच!

सरळ शिवणीत पाठीच्या मधल्या पट्टीची दुमड दाराकडे जाते. फोटोत ती गिअरकडे गेलीय. असं उलटं शिवणारी मूर्ख या जगात एकच. मी!

डॉक्टरांची डबी होती ती. सतरा वर्षं झाली. लेक सात वर्षांची, तापाने फणफणलेली, मशीनशेजारी गोधडीवर झोपलेली. माझं अर्धं लक्ष तिच्या कपाळावर. कागदाचा नमुना उलटा धरला. त्यात कापडही कमी पडलं, म्हणून आतून तिच्या शाळेच्या फ्रॉकची निळी पट्टी जोडली. डॉक्टरांना कळलं नाही. त्यांनी विकली, तिसऱ्या हाताने ती अध्यक्षाकडे गेली. आणि मी जे इतकी वर्षं मनात लपवलं ते आता 'कंपनीची खूण' म्हणून जगजाहीर!

अजून पुढे ऐक. गेल्या महिन्यात दोघं दुकानात आले होते. 'बाई, मधली शिवण उलटी करून द्या.' वेडे दिसतात म्हटलं, आणि दिली की करून! म्हणजे दुसऱ्यांच्या गाड्या अस्सल करणारी मी, आणि नकली माझीच.

७ मार्च

टाइप करायला बसले. चौथी पास बाईचा स्पीड. 'ती उलटी माझी आहे' एवढं लिहून बोट लागलं आणि गेलं! तिघांनी 'दादा, तब्येत सांभाळा' लिहिलं. आतून आमचे हे ओरडले, "कोणाला उलटी झाली?" लेक हसून लोळतेय.

मग तोंडानेच बोलून पाठवलं. सगळं सांगितलं, ताप, फ्रॉक, सगळं. पहिलं उत्तर आलं, 'अरे, दादा तर ताई निघाले!' दुसरं, 'ताई, भावनेच्या भरात बोलू नका.' तिसरं, 'पुरावा?'

चौथ्याला मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. मला आठ दिवस गप्प केलंय. म्हणजे मेळावा होईपर्यंत. बरोब्बर मोजलेत.

८ मार्च

दिवसभर मशीनवरच. दोन सुया मोडल्या.

१० मार्च, मंगळवार

अध्यक्ष स्वतः आला! डबी घेऊन, दुकानाच्या दारात. मला वाटलं होतं मोठा मिशीवाला असेल. निघाला बारका, घाबरट. "ताई, खरं काय ते मला एकट्यालाच दाखवा."

चार बोटं शिवण उसवली. निळी पट्टी बाहेर आली. रंगसुद्धा गेला नव्हता. माझा हात तिथेच थांबला जरा.

तो स्टुलावर बसला. पाणी दिलं, तेवढ्यात पट्टीचा फोटो काढून ठेवला.

"ताई, पन्नासेक जणांनी सीटा उलट्या करून घेतल्यात हो. माझ्या शब्दावर!"

"मग सांगा त्यांना चुकलं म्हणून."

"नटवे मला फाडून खातील. तुम्ही ही परत शिवून टाका. तुमचं तोंड आजच उघडतो ग्रुपवर. आणि तुमच्या भावाची गाडी पहिल्या रांगेत. नंबर एक. फक्त हे आपल्यात ठेवा."

शिवून दिली. पुन्हा उलटीच! आता सरावाने जमते.

११ मार्च

हो म्हटलं मी त्याला. अण्णाला फोन केला, "पहिली रांग मिळाली." तो लहान पोरासारखा हसला. म्हणाला, "बघ, कंपनीचं काम शेवटी कंपनीचं!"

इतकी वर्षं शिवतेय, कोणी विचारलं नाही कोणी शिवलं. एकदा माझं काम फोटोत आलं तेही चुकलेलं. आणि ते माझं आहे हे सांगायची वेळ आली तर मी ते पहिल्या रांगेवर विकलं. वा गं वा.

१२ मार्च

जेवण गेलं नाही. अण्णाकडे जाऊन सगळं ओकले. (हीच खरी उलटी!) त्याने इस्त्रीचा शर्ट बाजूला सारला. मग म्हणाला, "माझी सीट उसव. कंपनीचं सरळ काम आतून कसं असतं ते एकदा बघू दे. म्हणजे मला सांग, मला दिसणार नाही."

१३ मार्च, शुक्रवार

उसवली. मधल्या पट्टीच्या आत फुलाफुलांचं कापड. उशीच्या अभ्र्याचं! कंपनीत ही शिवणाऱ्या बाईलाही कापड कमी पडलं होतं. हाताचे टाके डावीकडून उजवीकडे पडलेत. डावखुरी होती. अण्णाने बोटांनी चाचपलं. म्हणाला, "शेवटची रांग चालेल मला."

दोन्ही चिंध्यांचे फोटो ग्रुपवर टाकलेत, निळीचा आणि फुलांचा. खाली बोलून पाठवलं, 'निळी माझी. नाव-पत्ता दुकानाच्या पाटीवर आहे. आता ही फुलांची कोणाची ते शोधा. कंपनी कंपनी करता ना, त्या मशीनवर कोण बसायची, तिचं नाव काय? शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत उत्तर पाहिजे!'