छत्रीच्या दुकानाची ओळ

प्रिय ठिपक्या,

हे पत्र मिळेल तेव्हा तू कामावरून आलेला असशील आणि हातपाय धुवायच्या आत पुढची बादली मांडीवर घेतली असशील. ती जरा खाली ठेव. आधी हे वाच. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर माझी जीभ कशी वळते ते मला गेल्या गुरुवारी कळलं. ते शेवटी सांगते, कारण आधी सांगितलं तर तू पुढचं वाचणार नाहीस.

इकडे ठीक आहे. तुझ्या बाबांना जाऊन शुक्रवारी पाच महिने होतील. त्यांचे ब्रश अजून टर्पेंटाइनच्या बरणीत उभे आहेत. वापरणारं कुणी नाही, पण कडक होऊ द्यायला मन होत नाही. वाचनालयातल्या बाईंना म्हटलं, ज्यात कुणी आजारी पडत नाही असं पुस्तक द्या. त्या कपाटासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या आणि शेवटी त्यांनी मला पाककृतींचं पुस्तक दिलं. तेच वाचते आहे. एकटीसाठी काय करणार, पण वाचायला बरं आहे.

बाबांच्या कंपवातावर उपाय म्हणून तू पहिली बादली घेऊन आलास तो दिवस मला रोज आठवतो. बाबांचीच, पांढऱ्या रंगाची, वीस लिटरची. तू ती घासून काढली होतीस आणि आतून गोल गोल दिव्यांच्या पट्ट्या चिकटवल्या होत्यास, एक लाल उजेडाची, एक डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडाची. मानेवर भार येऊ नये म्हणून त्यांच्या जुन्या शिडीला अडकवून ती उलटी टांगलीस आणि खाली त्यांना खुर्चीत बसवलंस. सकाळी वीस मिनिटं, संध्याकाळी वीस मिनिटं. आतून बाबांचा आवाज घुमत आला, "या दिव्यांनी आधी माझ्या पोटावर पाय दिला, आता डोक्यावर बसलेत." तू हसलास, पण तुला ते लागलं. तू दिव्यांच्या चमकत्या पाट्यांच्या कारखान्यात लागलास तेव्हापासून हातानं रंगवलेल्या पाट्या कुणी मागेना, हे तू मनात धरून बसला होतास. बाबांच्या मनात तसं काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी तू गेल्यावर मला म्हणाले, "पोरानं वायरी काय सुबक ओढल्यात बघ."

मग तू ते कागदांचं काम लावून दिलंस. या आजारात अक्षर बारीक होत जातं, म्हणून बाबांनी रोज एकच ओळ लिहायची आणि मी रविवारी सातही कागदांचे फोटो पाठवायचे. ओळही तूच निवडलीस. 'येथे छत्र्या दुरुस्त करून मिळतील.' बाबांनी रंगवलेल्या या ओळीच्या पाटीवर लहानपणी तू ओल्या रंगात बोट बुडवून ठिपके उमटवले होतेस आणि तेव्हापासून तुझं हे नाव पडलं. छत्रीवाल्यानं ते ठिपके पुसू दिले नाहीत. म्हणाला, राहू दे, पाऊस वाटतो.

आता तुला ठाऊक नसलेलं सांगते. मी शाळेत गेले नाही हे तुला माहीत आहे, पण वाचायला कशी शिकले ते तू कधी विचारलं नाहीस. बाबा पाटीवर अक्षरांच्या नुसत्या कडा ओढायचे, पट्टी न लावता, आणि मला म्हणायचे, "भर." मी आत रंग भरायची. एकवीस वर्षं भरला. कुठलं वळण कुठे जाड होतं, काना कुठे सुटतो, हे माझ्या मनगटाला ठाऊक आहे. मी अक्षरं शिकले ती त्यांचीच. दुसऱ्या कुणाची मला येतच नाहीत.

पहिले तीन आठवडे त्यांनी लिहिलं. त्यांना झोप बरी लागायची, तेवढं मात्र खरं. चौथ्या आठवड्यात हात 'छ'वर अडकला. पेन्सिल कागदावर टकटक करत राहिली आणि पुढे सरकेना. दहा मिनिटं मी नुसती बघत बसले. मग त्यांनी पेन्सिल माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "भर."

मी भरलं. त्या दिवसापासून सगळे कागद माझे आहेत. आधी त्यांच्याएवढंच बारीक लिहिलं, मग रोज कणभर मोठं करत गेले. एकदम मोठं केलं असतं तर तुला संशय आला असता. इतका विचार करून मी आयुष्यात दुसरं काही केलेलं नाही. सहाव्या आठवड्यात तुझा फोन आला. म्हणालास, "आई, काना सरळ आलाय गं." बाबा शेजारीच होते, त्यांना ऐकू गेलं. त्या दिवशी ते पोटभर जेवले. मग मी थांबू कशी?

शेवटी त्यांना पाण्याचा घोटही गिळता येईना. तू आलास आणि मला विचारलंस, हात तर सुधारत होता, मग हे कसं? मी भांडी घासायला निघून गेले. घासायला काही नव्हतं.

ते गेल्यावर सांगायचं ठरवलं होतं. तेवढ्यात तू ते कागद इथून नेऊन वर्कशॉपच्या भिंतीवर लावलेस आणि बादल्या करून लोकांना द्यायला लागलास. बाबांच्या नावानं करतोय म्हणालास. गोळ्या चालूच ठेवा असं तू प्रत्येकाला बजावतोस हे मला माहीत आहे. पण गुरुवारी तुझ्याकडून बादली नेलेल्या त्या बेकरीवाल्याच्या बायकोनं मला फोन केला. भिंतीवरचे कागद बघून आल्यापासून त्यानं गोळ्या बंद केल्यात. तुला सांगायचं नाही अशी तिला तंबी आहे. आता त्याला कूसही बदलता येत नाही. तिनं विचारलं, "तुमच्या यांना किती दिवसांनी फरक पडला हो?" आणि मी म्हणाले, सहा आठवडे. तोंडातून निघूनच गेलं. ती म्हणाली, "आमचे पाच झाले. मग अजून एक आठवडा बघते." मी फोन ठेवला आणि परत लावायचं धाडस झालं नाही. म्हणून हे लिहिते आहे. दिव्यांत काही आहे की नाही ते शिकलेले लोक ठरवतील. त्या कागदांत काही नाही. आजच त्याच्याकडे जा. कदाचित उशीर झालाही असेल. तू मला माफ करशील असं वाटत नाही, आणि केलंस तरी त्याला त्याचा काय उपयोग? तुला वाटेल, आई दुःखानं काहीतरी बरळते आहे. म्हणून खाली एक ओळ लिहिते. भिंतीवरच्या शेवटच्या कागदाशेजारी धरून बघ, आणि मग दोन्ही त्याला दाखव.

येथे छत्र्या दुरुस्त करून मिळतील.

तुझीच,
आई