तपासणीपुरती उघडणारी बालखोली

प्रति,
मा. कारखाने निरीक्षक,
जिल्हा कार्यालय, गाझीपूर, बांगलादेश.

विषय : शालमंजिरी निटवेअर, कोनाबाडी येथील बालखोली रोज उघडी राहावी म्हणून आपल्याकडून एक चिठ्ठी मिळणेबाबत.

संदर्भ : कारखान्याचा ‘अनिश्चिततेच्या काळासाठी शाश्वत पुरवठा साखळी आराखडा’, तक्ता क्र. ७ (तयार करणारी : अर्जदार).

महोदय,

१. मी वरील कारखान्याच्या नियोजन विभागात चार वर्षे काम करते. मला चौदा महिन्यांची मुलगी आहे, नाव रायसा, घरात टुनी. कारखान्यात तळमजल्यावर कायद्याने असावी लागते तशी बालखोली होती. खिडकीला जाळी, सहा पाळणे आणि मोमेना खाला नावाच्या आया. जून महिन्यापासून त्या खोलीत कापडाचे कातरण ठेवले जाते.

२. परदेशी खरेदीदारांना आता शर्टासोबत त्याचे कातरण कुठे गेले याचाही हिशेब लागतो. ते रंगवार निवडून, कोरड्या आणि हवेशीर जागी ठेवून पुन्हा सुतासाठी पाठवावे लागते. हे चांगलेच आहे, माझी त्याबद्दल तक्रार नाही. अशी कोरडी, हवेशीर खोली कारखान्यात एकच आहे.

३. हा निर्णय कोणी घेतला असे आपण विचाराल. आराखड्याने घेतला, आणि आराखडा मी केला. ऑर्डर येईल की रद्द होईल, कापूस महागेल, वीज जाईल, अशा न सांगता येणाऱ्या गोष्टींचे प्रत्येकी तीन आकडे घालायचे असतात : कमी, मध्यम, जास्त. मुले रोज किती येतील हेही सांगता येत नाही. कुणाला ताप येतो, कुणाला आजी गावी नेते. म्हणून मी मुलांना त्याच रकान्यात घातले. जास्त बावीस, मध्यम नऊ. कमीच्या जागी ईदच्या आठवड्याची हजेरी घेतली. त्या आठवड्यात सगळ्या जणी आपापल्या लेकरांना घेऊन गावी जातात. हजेरी शून्य होती. मी शून्य लिहिले. खोटे कशाला लिहायचे, असे वाटले.

४. कातरण मात्र ऑर्डर आली तरी निघते आणि रद्द झाली तरी निघते. जे कधीच शून्य होत नाही त्याला खोली मिळाली. मी बैठकीत हरकत घेतली तेव्हा उत्पादन व्यवस्थापक जाहिद भाई म्हणाले, “तन्झिना आपा, आकडे तुमचे, खोली तुमच्याच आकड्यांनी गेली. आता आमच्याशी कशाला भांडता?” सगळे हसले. बैठकीचे टिपण मीच लिहिते. हसल्याची नोंद करायची पद्धत नाही.

५. खोली पूर्ण बंद आहे असे मात्र म्हणता येणार नाही. खरेदीदारांचे तपासनीस आठ दिवस आधी कळवून येतात. त्या सकाळी गठ्ठे मागच्या शेडमध्ये जातात, फरशी फिनेलने पुसतात, पाळणे बाहेर निघतात आणि मुलांना उकडलेले अंडे मिळते. जूनपासून असे चार दिवस झाले. चौथ्या दिवशी टुनीला पिवळे बदक दिले होते. गाडी फाटकाबाहेर पडल्यावर ते काढून कपाटात ठेवले. ती रडली नाही. मोमेना खाला कागदोपत्री अजून आयाच आहेत. त्या म्हणतात, “पूर्वी पोरं निजवायची, आता रंग निजवते गं बाई. लाल लालाशेजारी, निळा निळ्याशेजारी. एकही उठून मुतत नाही.”

६. सध्या टुनी शेजारच्या बाईंकडे असते. त्यांच्याकडे सात मुले आहेत. चूल पेटली की त्या रांगणाऱ्या मुलांना खाटेच्या पायाला बांधतात. पट्टी मऊ आहे. आमच्याच कारखान्याच्या कातरणाची आहे, मी रंगावरून ओळखली. घोट्यावर वळ उठतो, पण सकाळपर्यंत जातो. मी रोज बघते.

७. हे फोनवर कळल्यावर सासूबाई म्हणाल्या, “असली नोकरी करतेस तर कर. पोर माझ्याकडे दे, शाळेच्या वयाची झाली की ने.” त्या गुरुवारी, ७ तारखेला गाईबांध्याहून येत आहेत आणि शुक्रवारी सकाळच्या बसने टुनीला नेणार आहेत. आमच्या मजल्यावरच्या अकरा जणींची मुले अशीच गावी आहेत. ईदला भेटली की ती आईला आपा, म्हणजे ताई, म्हणतात.

८. मी आराखडा दुरुस्त करायला गेले. तो खरेदीदाराने मंजूर केला असल्याने वर्षभर उघडता येत नाही. बाहेरून एखादी नवी अनिश्चितता लेखी आली तरच उघडता येतो.

९. तरी विनंती की आपल्या कार्यालयाने कारखान्यास पुढील एका ओळीचे पत्र द्यावे : ‘बालखोलीची तपासणी कोणत्याही दिवशी, न कळवता होईल.’ तारीख घालू नये. निरीक्षक येतील, येणार नाहीत, उशिरा येतील, हे तीन आकडे मी घालून पाहिले आहेत. तिन्हींत खोली रोज उघडी ठेवावी लागते, आणि कातरणाला शेड बांधणेच स्वस्त पडते. आपण प्रत्यक्ष आलात तर उपकार होतील. नाही आलात तरी चालेल. पत्र बुधवारपर्यंत पोहोचावे. त्यात माझे नाव नसावे.

आपल्या एका ओळीची वाट पाहणारी,

तन्झिना आफ्रोज
नियोजन विभाग
कोनाबाडी, रविवार, दि. ३ सप्टेंबर २०२३

सोबत :
१. तक्ता क्र. ७ ची प्रत. शून्याभोवती खूण मी केली आहे.
२. बालखोलीचे छायाचित्र, तपासणीच्या दिवशीचे. बदक धरलेली ती टुनी.
३. कु. रायसा हिची जूनपासूनची हजेरी. एकूण दिवस चार.
४. तिकीट लावलेले पाकीट. वर पत्ता कारखान्याचा घातला आहे, माझा नाही.