नसता उद्योग

शिरगाव, नोव्हेंबर १९८८

ती. चंद्रकांताबायस,

धाकट्या हंसाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा राग कसा आहे? (कंपनी बंद पडल्यापासून त्यांची तब्येत विचारायची सोय राहिली नाही, म्हणून रागाचीच विचारते.) तुझं सरावली गाव काही सातासमुद्रापार नाही, तरी तू गणपतीला आली नाहीस, दिवाळीला आली नाहीस. रिकाम्या हातांनी माहेरी कसं जायचं, असं म्हणालीस म्हणे. अगं, आम्ही कधी तुझे हात पाहिले?

इथली हकीकत ऐक. गरिबी हटावी म्हणून सरकारने बायांसाठी योजना आणली आहे. तालुक्याचे साहेब येऊन म्हणाले, बायांनी उद्योग करावेत. त्यावर आपली आई भर सभेत माझ्याकडे बोट दाखवून उठली, "सायेब, हिचे उद्योग काय कमी हायेत? तुमी आनखी कशाला शिकवता?" पुढे सभा हसण्यातच गेली. मग पापड शिकवायला एक बाई आल्या. (कोळणींना पापड! पण फुकट शिकवतात म्हणून लाटले.) वाळवायचे कुठे? आपल्याकडे मासळी टांगायच्या वलांडीशिवाय आहे काय? वर बोंबील, खाली पापड. दोन दिवसांनी बाईंनी एक पापड भाजला आणि नाकाला पदर लावून निघाल्या, त्या थेट एस.टी.त जाऊन बसल्या. आम्ही रडकुंडीला आलो. साहेबांनी मात्र (मालवणकडचे निघाले) तो पापड खाल्ला, आणखी मागितला आणि म्हणाले, हाच तुमचा उद्योग! कर्ज मिळेल, पण गटात गावातल्या दहा बाया हव्यात. आम्ही नऊ. बाकीच्या म्हणतात नवऱ्याला विचारून सांगते, आणि नवरे समुद्रात.

बाय, बोंबील वाळत टाकताना तुझी फार आठवण येते. तू दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून द्यायचीस, मी वलांडीवर टाकायचे, आणि सोबत सगळ्या गावाची उणीदुणी चालायची. आता दोन्ही कामं मीच करते. उणीदुणी मात्र एकटीला काढता येत नाहीत.

भावोजींना नमस्कार सांग (राग उतरलेला पाहून).

तुझी,
हंसा

ता.क. गटाचं तुझ्यावाचून अडलं आहे. दहावी बाई म्हणून तू ये. गावात राहावं लागेल, तशी अटच आहे. भावोजींनाही आण, दादाला बोटीवर माणूस हवाच आहे. हे उपकार नव्हेत, आमचीच गरज आहे.

ता.क. २. पत्र चिकटवणार इतक्यात आई आली. म्हणाली, "माजं नाव घाल गटात." घालावं लागलं. दहा झाल्या. गटाचं आता तुझ्यावाचून काही अडलेलं नाही. माझं अडलं आहे. ये.