नकली शेठची पंगत

मुंबई, ता. ५ मार्च १९८०

चि. नलूस भाऊचे अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र पावलं. तू शिकवतेस त्या शाळेतल्या पोरी तुला भितात हे वाचून हसू आलं. घरी तर तू पालीला भितेस!

आता माझी बातमी. माझा सिनेमा पुढच्या महिन्यात वर्ध्याला लागतो आहे. चार वर्षं नुसता गर्दीत उभा राहिलो, या खेपेला मोठं काम मिळालं. मी जन्मठेपेचा कैदी. एका मेलेल्या चरसवाल्या शेठसारखा दिसतो, म्हणून पोलीस मला रेशमी झब्बा चढवून त्याच्या टोळीत सोडतात. मग मारामाऱ्या, जीपा, गोळीबार. खऱ्या धंदेवाल्यांच्या पंगतीत बसतो तिथे माझं बिंग फुटतं. कसं, ते सांगत नाही. ती युक्ती मीच डायरेक्टरला सुचवली.

नले, बाबांना घेऊन जा. कापूस खरेदीतली, कापसाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरची नोकरी सोडून इकडे आलो तेव्हापासून त्यांनी मला एक ओळ लिहिलेली नाही. त्यांनी पाहिला नाही, तर बाकी साऱ्या जिल्ह्यानं पाहून मला काय करायचं?

आईला शि. सा. न. सांग. माझ्यावर रागाव, पण पत्र लिहायचं सोडू नकोस.

तुझा, चंद्रभान

देवळी, ता. २० एप्रिल १९८०

ती. भाऊस नलूचा कृ. सा. न. वि. वि.

तू तर अख्ख्या देवळीची करमणूक केलीस. वर्ध्याच्या टॉकीजवर बेड्या घातलेला तुझा हा एवढा मोठा फोटो लागला. शेजारच्या मनकर्णाबाई डोळे पुसत आल्या. आईला म्हणाल्या, तुह्या पोराले काऊन धरलं वं? आईने चहा पाजून सगळं समजावलं, तर जाताना विचारतात, मंग सुटन कधी?

बाबांचं मन वळवता वळवता मात्र नाकी नऊ आले. आपला जिल्हा दारूबंदीचा, बाबा दारूबंदीच्या समितीत, आणि मुलगा पडद्यावर चरस विकणार! मी म्हटलं, विकत नाही, सोंग करतो. तर म्हणाले, सोंगच करायचं होतं तर भल्या माणसाचं करायचं. शेवटी आईने दोन दिवस अबोला धरला, तेव्हा धुतलेला खादीचा सदरा घालून एसटीत बसले.

भाऊ, खोटं कशाला लिहू? मारामाऱ्या झाल्या, बाबा बसून होते. जीप उलटली, बसून होते. पंगत आली, तू जेवायला लागलास मात्र, ते ताडकन उठून बाहेर गेले. त्यांच्यामागे धावताना पुढचं आम्हाला पाहता आलं नाही. घरी येऊन जेवलेही नाहीत. आईला वाटतं, पंगतीत बाटल्या दिसल्या म्हणून. तू मनाला लावून घेऊ नकोस. जेवणाची आबाळ करू नकोस आणि आम्हावर माया ठेव.

तुझी, नलू

मुंबई, ता. २६ एप्रिल १९८०

चि. नलूस अनेक आशीर्वाद.

बाटल्यांमुळे नाही गं. ती गोष्ट बाबांची होती आणि मी त्यांना न विचारता उचलली. त्यांना सांग, माझं चुकलं. फार वाईट वाटतं. जास्त लिहवत नाही. लोभ आहे तसा राहू दे.

चंद्रभान

देवळी, ता. ४ मे १९८०

चि. चंद्रभान यास अण्णाजीचे आशीर्वाद.

नलूने तुझं पत्र वाचून दाखवलं. मी मागितलं नव्हतं.

परवा एकटाच पुन्हा वर्ध्याला गेलो आणि सिनेमा शेवटपर्यंत पाहिला. गोळीबार फार आहे. रेशमी झब्बा तुला शोभत नाही.

आता पंगतीचं. पुढ्यात पक्वान्नं, भोवती शेठ लोक, आणि तू डावा हात ताटाभोवती कुंपणासारखा धरून, मान खाली घालून भराभर जेवतोस. त्यावरून ते ओळखतात, हा शेठ नव्हे, जेल भोगलेला माणूस आहे. बेचाळीसच्या चळवळीत मी पंधरा महिने जेलात होतो. पुढ्यातली भाकर शेजारचा ओढून न्यायचा. तेव्हापासून मी असाच जेवतो. सभांमधून जेलच्या गोष्टी पुष्कळ सांगितल्या, ही सांगितली नाही. लाज वाटायची. तुझ्या आईनेही कधी विचारलं नाही, म्हणून समजलो, कुणाच्या लक्षात आलं नसेल. पहिल्या खेपेला भर टॉकीजमध्ये कुणी माझं ताट उघडं केल्यासारखं वाटलं, म्हणून उठलो.

दुसऱ्या खेपेला रडू आलं. वीस वर्षं तू माझ्यासमोर बसून जेवलास. मी मान खाली घालून जेवत राहिलो, तुझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. तू मात्र मला पाहत होतास.

सुटी काढून घरी येजो. तुझ्यासमोर बसून, तुझ्याकडे पाहत, सावकाश जेवायचं आहे.

तुझा बाप,
अण्णाजी