भिंतीजवळचा बिबळ्या

वहिनी, काका तुला वहिनी म्हणायचे म्हणून आम्ही पोरंही तुला वहिनीच म्हणत मोठी झालो. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी लिहायला बसले की आई हा शब्द पेनातून उतरत नाही. आपल्या घराबाहेरची माणसं ऐकून हसायची, सख्ख्या आईला वहिनी म्हणतात म्हणून. असो. तुला सांगायचं होतं ते वेगळंच आहे. मागच्या थंडीत माझ्यासमोर, अगदी माझ्या हाताच्या अंतरावर, बिबळ्या आला होता. इथे सगळे हिंदीत तेंदुआ म्हणतात, वर्तमानपत्रातही तेंदुआच आलं होतं, पण मला त्या क्षणी आठवला तो तुझा शब्द.

मी पीथमपूरला औषधांच्या कंपनीत आहे, पॅकिंगच्या विभागावर देखरेख करते. बहुतेक बायकाच आहेत माझ्याकडे. धारहून पहाटे शिफ्टची बस निघते. त्या दिवसांत कंपनीसमोरचा रस्ता पाइप टाकायला खणून ठेवला होता, त्यामुळे बस आम्हाला फाटकापासून अलीकडे, नाल्याजवळ सोडायची. तिथून भिंतीच्या कडेनं चालत जायचं. भिंत आणि नाला यांच्यामध्ये माणसाच्या कमरेइतकं गवत. आधी काही दिवस फाटकावरची कुत्री दिसेनाशी झाली होती. आम्ही बिस्किटं टाकायचो ती सगळी. चौकीदार म्हणाला, "मॅडम, कैमरे में बड़ी बिल्ली जैसा कुछ दिखा है, साहब लोग बोले किसी को बताना मत, घबरा जाएँगे."  दुपारी मी वर साहेबांना जाऊन सांगितलं की गवत तरी कापून घ्या. कापू म्हणाले. बसमध्ये मी सगळ्यांना सांगितलं, एकटीनं पुढे जाऊ नका, घोळक्यानं चाला, मोबाइल बघत चालू नका, काही दिसलं तर पळू नका. कुणी मान डोलावली, कुणी हसली.

मला आपल्या अमझेऱ्याचा तो दिवस तेव्हापासूनच आठवायला लागला होता. तू बाहेरच्या वस्तीवरच्या शाळेत शिकवायचीस आणि मी तुझ्याच शाळेत चौथीत. उन्हाळा लागलेला, पळस फुललेला, शाळा सुटल्यावर आपण दोघी पायवाटेनं घरी निघालो आहोत. तुझ्या हातात काळी छत्री. ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्यावर काहीतरी पिवळं पडलंय, मला वाटतं कुणाचं घोंगडं वाळत घातलंय. मग त्या घोंगड्यानं मान उचलली. तू एकच शब्द म्हणालीस, "बिबळ्या." माझा पाय आपोआप मागे वळला आणि तू माझं मनगट इतक्या जोरात धरलंस की तुझ्या बांगड्या रुतल्या. "उभी राहा. पळायचं नाही. पाठ करायची नाही." एका हातानं तू छत्री उघडलीस आणि समोर धरलीस, मला मागे न लपवता बाजूला उभी केलीस, आणि वर्गात बोलायचीस त्याच आवाजात त्याला म्हणालीस, "चल, हट! जा अपने रस्ते!" मला आजही आश्चर्य वाटतं, त्याच्याशी तू हिंदीत का बोललीस. तो उठला, आपल्याकडे बघत राहिला. शेपटीचं टोक तेवढं हलत होतं. आपण एकेक पाऊल मागे सरकत विहिरीपर्यंत गेलो. तिथे माणसं होती. तो दिसेनासा झाला आणि तू छत्री मिटलीस आणि माझ्या गालात एक ठेवून दिलीस. "पळत होतीस! माझा हात सोडून पळत होतीस!"

वाटेत तू बजावलंस की घरी बोलायचं नाही, बोललीस तर उद्यापासून माझं शाळेत शिकवणं बंद करतील. मी बोलले नाही. पण गाल दुखत होता, आणि मन त्याहून जास्त. स्वयंपाकघरात तू चहा ठेवायला बसलीस, काडी ओढलीस ती मोडली, दुसरी ओढली ती विझली, तिसरी हातातून पडली. मग काडेपेटी खाली ठेवून तू नुसतीच चुलीकडे बघत बसलीस. मी दारातून बघत होते. मला त्या वयात एवढंच वाटलं की बरं झालं, हिला चहा मिळाला नाही.

आता त्या सकाळचं सांगते. धुकं होतं, पण रस्ता दिसत होता. बस थांबली, बायका शाली गुंडाळून उतरायला लागल्या. एक नवी मुलगी होती, निसरपूरकडची, गाव धरणाच्या बुडितात गेलेल्या कुटुंबातली, इथे मावशीकडे राहायची. ती सगळ्यांच्या पुढे निघाली. मी हाक मारली, "अगं थांब, एक साथ चलते हैं," तर ती मागे वळून हसली आणि म्हणाली, "आ रही हूँ मॅडम, चप्पल का पट्टा निकल गया." आणि खाली बसली. गवताकडे पाठ करून, त्याला लागून, अगदी लहान होऊन बसली.

गवत हललं ते मी पाहिलं. वाऱ्यानं हलतं तसं नव्हतं ते, एका रेषेत हलत होतं, तिच्या दिशेनं. मी ओरडले, "उठ! खड़ी हो जा!" ती उठली, मागे बघितलं, आणि पळाली. त्यानं दोन झेपांत तिला गाठलं. आवाज फारसा झालाच नाही, वहिनी. मला वाटायचं डरकाळी वगैरे असेल. नुसता धप्प असा आवाज आला, पोतं पडावं तसा, आणि मग तिची किंकाळी. शालीसकट खांदा त्याच्या तोंडात होता.

मागच्या बायका बसकडे पळाल्या. मी पुढे का गेले ते मला सांगता येणार नाही, ठरवून गेले नव्हते. माझ्या हातात डब्याची पिशवी होती, स्टीलचा डबा, भरलेला. मी ती फिरवून त्याच्या तोंडावर मारली, एकदा नाकावर बसली, एकदा चुकून तिच्याच हाताला लागली, परत मारली. तोंडातून शिव्या येत होत्या, माळवीतल्या, ज्या तू ऐकल्या असत्यास तर मला घरात घेतलं नसतंस. त्यानं तिला सोडलं. आणि माझ्याकडे बघितलं.

त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. काहीच नव्हतं. मी शाल दोन्ही हातांनी पसरून वर धरली आणि हिंदीतच ओरडायला लागले, हट, हट, हट. मी त्याच्यावरची नजर काढली नाही. माझ्या मागून एक वयस्क बाई आली, आमच्याकडची सर्वांत जुनी, तिनं त्या मुलीच्या दंडाला धरून तिला फरफटत मागे नेलं. मी एक पाऊल मागे, तो एक पाऊल पुढे. परत एक मागे, तो परत एक पुढे. तेवढ्यात ड्रायव्हरनं हॉर्नवर हात दाबून धरला आणि बस सरळ आमच्या दोघांच्या मध्ये घालायला आणली. तो वळला, आणि नाल्यात उतरून मोठ्या पाइपात शिरला.

मला वाटलं संपलं. पण खरी भीती त्यानंतरची. मुलीला गाडीत घालून दवाखान्यात पाठवलं आणि बघते तो नाल्याच्या दोन्ही काठांवर माणसंच माणसं. कुठून आली कोण जाणे, शेजारच्या कारखान्यांतली, रस्त्यावरची. हात वर करून मोबाइल. एक जण पाइपाच्या तोंडाशी वाकून आत दगड मारत होता. चौकीदार रडकुंडीला येऊन ओरडत होता, "भिया, पीछे हटो! निकलेगा तो किसको पकड़ेगा, मालूम है क्या?" कुणी हलेना. उलट आणखी पुढे सरकत होते. आतून गुरगुर ऐकू येत होती, आणि ती ऐकून लोक हसत होते. मी फाटकाच्या आत उभी राहून ते बघत होते आणि मला त्या बिबळ्यापेक्षा त्या हसण्याचं भय वाटलं. तो बाहेर आला असता तर पळायला वाटच ठेवली नव्हती त्यांनी, त्याला नाही आणि स्वतःलाही नाही. वनविभागाची माणसं आली, पोलीस आले, दोरी बांधून सगळ्यांना मागे रेटलं, तेव्हा कुठे माझा श्वास सुटला. त्याला बेशुद्ध करून, जाळ्यात गुंडाळून नेईपर्यंत दुपार टळली होती. जाळ्यात तो फार मोठा नव्हता. बरगड्या दिसत होत्या.

मुलगी वाचली. खांद्याला पुष्कळ टाके पडले, सुया घ्याव्या लागल्या, ताप आला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी भेटायला गेले. तिची आई खाटेजवळ बसली होती, माझे पाय धरायला वाकली, मी तिला उठवलं.  मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, आपने बोला था. मैं भागी, इसलिए हुआ ना?"

वहिनी, माझा हात तिच्या गालाकडे गेला. तू ज्या हातानं मारलंस तोच हात, असं वाटलं क्षणभर. मी तिच्या कपाळावरचे केस मागे केले. म्हटलं, "नहीं बेटा. पैर अपने आप भागते हैं. मेरे भी भागे थे, तेरी उम्र से छोटी थी." तिच्या आईनं विचारलं, मग काय झालं? मी म्हटलं, माझ्या आईनं हात धरून ठेवला होता. त्या हिंदी वाक्यात मी तुला वहिनी नाही, माँ म्हणाले. त्या चापटीत किती भीती होती, ते मला त्या खाटेजवळ बसून कळलं. तुझ्यावर इतकी वर्षं धरलेला रुसवा मी तिथेच सोडला. तुला तो होता हे तरी कुठे ठाऊक होतं.

होळीनंतर ती कामावर परत आली. हात पूर्ण वर जात नाही, म्हणून तिला तपासणीच्या टेबलावर बसवलंय. गवत आता कापलेलं असतं, भिंतीवर दिवे लागलेत. पण डोंगराकडून कधी ना कधी दुसरा येईलच, फाटकावर पुन्हा कुत्री जमली आहेत ना. शिफ्टच्या आधी फाटकाशी उभं राहून मी सगळ्यांना सांगते, खाली बसू नका, वाकू नका, पळू नका, पाठ दाखवू नका, लहान मूल बरोबर असेल तर उचलून घ्या, आणि त्यानं धरलंच तर हातात असेल त्यानं मारा. सगळ्याजणी माझ्यामागून म्हणतात. कंपनीनं माझा सत्कारही केला, शाल-श्रीफळ देऊन.

हे कुठे पाठवायचं नाही, तेव्हा एक सांगून टाकते. मी हल्ली बसमधून सर्वांत शेवटी उतरते. बायकांना वाटतं, मॅडम दारात उभ्या राहून आमच्यावर लक्ष ठेवतात. खरं म्हणजे आधी कुणीतरी उतरून चार पावलं चालून गेल्याशिवाय माझा पाय त्या पायरीवरून खाली पडतच नाही.